‘पेय’ म्हणजे नेमकं काय? सोलापूरजवळच्या एका वॉटर पार्कच्या कोल्ड्रिंक कराराचं प्रकरण

कंपनीचा पोरगा आठवड्यातून एकदा यायचा. मोटारसायकल लावायची, हेल्मेट आरशाला अडकवायचं आणि सरळ कूलरकडे. दार उघडून मोबाइलवर फोटो काढायचा, ॲपवर चढवायचा, आणि ते ॲप कूलरला मार्क द्यायचं. एप्रिलमधल्या एका भर दुपारी त्याने खालच्या फळीवरच्या बाटल्या जरा पुढे ओढल्या, तर मागे स्टीलची मोठी किटली. तोंडाला फडकं बांधलेलं, आत ताक.

“अण्णा, प्युरिटी गेली की,” तो म्हणाला.

कूलरमध्ये कंपनीचा सोडून दुसरा कसलाही माल नसणं, याला या धंद्यात ‘प्युरिटी’ म्हणतात. ताक नासलं नव्हतं, कूलर बाटला होता. पार्कच्या मालकांनी, म्हणजे अण्णांनी, त्याला आधी ग्लासभर ताक दिलं. ते त्याने प्यालं, तोंड पुसलं, आणि मग फोटो पाठवला. त्याचाही नाइलाज होता. मार्क कमी पडले की त्याचा इन्सेंटिव्ह जातो.

सोलापुरातून तुळजापूरच्या दिशेने निघालं की अर्ध्या तासाच्या आत लागणाऱ्या एका छोट्या वॉटर पार्कचं हे प्रकरण आहे. पार्क, मालक, कंपनी कुणाचंच नाव देत नाही. आकडे गोल केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण तेच ठेवलं आहे. मी त्यांचे हिशेब बघते. करार करताना मला कुणी विचारलं नव्हतं, करार गळ्याशी आला तेव्हा फोन आला. आमच्या व्यवसायात हे असंच चालतं.

पार्क चार एकरांचं. तीन घसरगुंड्या, एक लाटांचा तलाव, पोरांची आगगाडी, दोन-चार पाळणे. कमाईचे महिने तीनच: मार्चच्या मध्यापासून जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत. हिवाळ्यात शाळांच्या सहली येतात, त्यांत पैसा कमी आणि गोंधळ जास्त. वर्षाला पन्नास-साठ हजार माणूस. करारापूर्वी आत दोन्ही मोठ्या कंपन्यांचे मिळून तीन कूलर होते, आणि त्यांच्या जोडीला बाकीचं सगळं: एक रसवंती, गोटी सोड्याची एक गाडी, आणि अण्णांचं स्वतःचं ताक. ताक शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या बायका सकाळी घेऊन यायच्या, जिरं-कोथिंबीर घातलेलं. ग्लासाला आठ रुपये त्यांना, पंधराला विक्री.

गोटी सोडावाले मामा हा स्वतंत्र विषय आहे. त्यांच्याकडच्या बाटल्या त्यांच्या वडिलांच्या वेळच्या. ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने 1872 मध्ये पेटंट केलेली. आतल्या वायूच्या दाबाने काचेची गोटी गळ्यातल्या रबरी कड्याला घट्ट बसते, वेगळं झाकण लागतच नाही. मामा लाकडी दट्ट्या ठेवायचे आणि वरून तळहाताने मारायचे. त्या ‘फट्’ आवाजाला पाण्यातली पोरं बाहेर यायची. जाहिरातीवर दमडी खर्च न करता एवढं गिऱ्हाईक खेचणारा पार्कात दुसरा कुणी नव्हता.

फेब्रुवारी 2023 मध्ये एका कंपनीचा प्रस्ताव आला. तीन वर्षांचे तीन लाख आगाऊ. सहा नवे कूलर. गेटवर कमान, आत चाळीस छत्र्या, टेबलं. शिवाय पेटीमागे 15 रुपये जादा सूट. बदल्यात आत फक्त त्यांचीच पेयं, आणि वर्षाला किमान 2,400 पेट्यांची उचल. उचल कमी पडली तर त्या प्रमाणात त्या वर्षाचे पैसे परत. त्याच महिन्यात एका घसरगुंडीचं फायबर तडकलं होतं. तीन लाख आले आणि त्या फायबरमध्ये गेले. अण्णांनी करार का केला याचं खरं उत्तर एवढंच आहे, आणि त्यासाठी मी त्यांना दोष देत नाही.

2,400 हा आकडा कुठून आला? पेटीत 24 बाटल्या, म्हणजे 57,600. वर्षाला येणारी माणसंही तेवढीच. माणशी एक बाटली. एक्सेलमध्ये हे फार सुंदर दिसतं. पण आपल्याकडचं कुटुंब पार्कात कसं येतं ते त्या एक्सेलवाल्याने पाहिलेलं नसावं. सहा माणसं, चार डबे, कडक भाकरी, शेंगा चटणी, दह्याचा डबा आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन. बाहेरचं खाणं आत आणू दिलं नाही तर सोलापूरचा माणूस गेटवरूनच गाडी वळवतो, हे अण्णांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. पोरांनी फारच हट्ट केला तर एक मोठी बाटली घेतली जाते आणि ती सहा पेल्यांत वाटली जाते. त्यातही आजी म्हणते, “मला नको बाई ते, घशाला लागतं,” आणि ताकाच्या टेबलाकडे बघते.

आता मुख्य गोष्ट. करार इंग्रजीत, अकरा पानी. अण्णांनी पैशांचं पान नीट वाचलं होतं. व्याख्यांचं पान कुणी वाचत नाही. मी वाचलं तेव्हा पहिला सीझन संपला होता. तिथे ‘पेये’ या शब्दाचा अर्थ दिला होता: सर्व मद्यविरहित पेये, बाटलीबंद किंवा सुटी, पाणी, फळांचे रस आणि दुग्धजन्य पेयांसह. म्हणजे अण्णांना वाटत होतं की आपण दुसऱ्या कंपनीचा कोला बंद करतोय. प्रत्यक्षात त्यांनी ताक, उसाचा रस, लिंबू सरबत, गोटी सोडा आणि पाण्याची बाटली हे सगळं तीन लाखांना देऊन टाकलं होतं. चहा तेवढा वाचला, कारण ‘गरम पेये वगळून’ असे तीन शब्द कुणाच्या तरी हातून पडले होते.

मार्चमध्ये रसवंतीवाल्याला जागा सोडायला सांगितलं. मामांना गेटच्या बाहेर काढलं. ताक मात्र अण्णांना बंद करवेना, म्हणून ते कूलरमधल्या बाटल्यांच्या मागे गेलं आणि एप्रिलमध्ये सापडलं. मग एक पत्र आलं, आणि तेही बंद.

पहिल्या वर्षाचा हिशेब मी अण्णांसमोर त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर मांडला. उचल झाली 2,050 पेट्या; आधीच्या वर्षी दोन्ही कंपन्यांच्या मिळून 1,900 होत्या. म्हणजे सगळी स्पर्धा हाकलून वाढ फक्त 150 पेट्यांची. पेटीमागे नेहमीचा सत्तर रुपये नफा धरला तर साडेदहा हजार. 15 रुपयांच्या जादा सुटीचे पावणेएकतीस हजार. वर्षाच्या वाट्याचा एक लाख, त्यातून 350 पेट्या कमी पडल्याचे साडेचौदा हजार वजा. जमेची बाजू सव्वा लाखाच्या जरा वर.

दुसरी बाजू: ताकाचे रोजचे अडीचशे ग्लास, ग्लासामागे सात रुपये, नव्वद दिवस. दीड लाखाच्या वर गेले. रसवंतीचं भाडं पंचेचाळीस हजार, सोड्याच्या गाडीचं तीस हजार. आणि तीनाचे सहा झालेल्या कूलरचं जादा वीजबिल सीझनला अठरा हजार. कूलर कंपनीचा, वीज मालकाची. बेरीज अडीच लाख. अण्णा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “ताई, म्हणजे मीच त्यांना सव्वा लाख दिले की.”

ताक बंद केलं की ताक पिणारा कोला पितो, हे गृहीतच चुकीचं निघालं. तो पाणी पितो, किंवा घरी जाईपर्यंत कळ काढतो. दुसऱ्या ब्रँडची सवय असलेला गेटबाहेरच्या टपरीवरून बाटली आणतो. त्यात 2023 मध्येच रिलायन्सने कॅम्पा पुन्हा बाजारात आणला आणि पुढे 200 मिलीची बाटली दहा रुपयांना टपरीटपरीवर दिसू लागली. सहलीला आलेल्या पोराच्या खिशात दिवसभरासाठी वीसची एकच नोट असते. दहाची बाटली आणि दहाचं चिप्स, हा त्याचा हिशेब कुठल्याही करारापेक्षा पक्का.

कंपनीच्या साहेबांशी पहिली बैठक झाली तेव्हा त्यांचं वाक्य होतं, “मॅडम, सगळीकडे असंच असतं. अगदी डिस्नेलँडमध्येसुद्धा.” आज डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत कोका-कोलाचीच पेयं मिळतात, हे खरं. पण कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड 17 जुलै 1955 ला उघडलं तेव्हा दोन्ही कंपन्या एकाच कुंपणात होत्या. मुख्य रस्त्यावरच्या कोपऱ्यातलं रिफ्रेशमेंट कॉर्नर कोका-कोलाचं, आणि पलीकडे गोल्डन हॉर्सशू या नाचगाण्याच्या सलूनचं प्रायोजकत्व पेप्सीकडे. 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यातली ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही होडीची राइडही पेप्सीच्याच पैशावर उभी राहिली आणि 1966 पासून ती डिस्नेलँडमध्ये आहे. सांगायचा मुद्दा असा की आख्खं पार्क एकाला देणं हा काही निसर्गनियम नाही. स्टॉलनिहाय देता येतं, प्रकारानुसार देता येतं. देणाऱ्याने तसं मागितलं पाहिजे.

आणि डिस्नेची तुलना आणखी एका कारणाने लंगडी आहे. तिथला नफा बाटलीत नसतो, फाउंटनमध्ये असतो. मशीनला सिरप जोडायचं, एक भाग सिरपला पाच भाग सोड्याचं पाणी, वर पेलाभर बर्फ. त्या पेल्यावर छापील किंमत नसते. पार्क ठरवेल तो दर. अण्णांकडेही फाउंटन मशीन आलं होतं. बोअरचं पाणी इतकं जड की दुसऱ्या महिन्यात नोझल पांढरे झाले, आणि आरओ बसवायचा खर्च कुणाचा यावर करार मौन पाळून होता. मशीन आजही तिकीटघरामागे प्लास्टिक पांघरून उभं आहे. त्यामुळे सगळी भिस्त बाटलीवर, आणि बाटलीवर एमआरपी छापलेली.

तिथेही एक फट सुचवली गेली होती. “पार्कात तीसला जाते मॅडम, कुणी विचारत नाही.” अण्णांनी ते केलं नाही याचं मला बरं वाटलं. 1 जानेवारी 2018 पासून एकाच मालावर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापता येत नाहीत, त्यामुळे ‘पार्कचा वेगळा पॅक’ ही युक्ती संपली. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंटना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने द्यायला मोकळीक दिली, पण ती तिथे मिळणाऱ्या सेवेसाठी: टेबल, वेटर, बसायची सोय. खिडकीतून हात घालून बाटली देणाऱ्या स्टॉलने त्या निकालाच्या आडोशाला उभं राहू नये, असं माझं मत.

अण्णांचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता. हा करार बेकायदा ठरवता येतो का? मी सरळ नाही म्हणाले. स्पर्धा कायद्याच्या कलम 3(4) मध्ये अशा करारांचा विचार आहे, पण ते मुळातच रद्द नसतात. बाजारातल्या स्पर्धेला त्यांनी लक्षणीय धक्का बसतो का ते पाहिलं जातं. हैदराबादच्या सिनेप्रेक्षकांच्या एका संघटनेने मल्टिप्लेक्समध्ये एकाच कंपनीची पेयं आणि तीही चढ्या दराने, अशी तक्रार केली होती. 2011 मध्ये स्पर्धा आयोगाने बहुमताने ती बंद केली. मल्टिप्लेक्सविरुद्धची तक्रार जिथे टिकली नाही, तिथे आमच्या तीन घसरगुंड्यांच्या बागेची काय टिकणार! बोलणी करूनच बाहेर पडायचं होतं.

पण त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये एक प्रसंग घडला, आणि त्यात चूक पूर्णपणे आमच्या बाजूची होती. एका शाळेची सहल आली, दीडशेच्या आसपास मुलं. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरची मोटर जळालेली होती, नळावर फडकं गुंडाळलेलं. मुलं स्टॉलवर पाण्याची बाटली मागू लागली, वीस रुपये. एका मुलीने बाटली घेतली, चार मैत्रिणींनी बुचातून एकेक घोट प्यायला. त्यांच्या बाईंनी ते पाहिलं. त्या ऑफिसात आल्या तेव्हा मी तिथेच बसले होते. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “पोरांना पाणी विकत प्यायला लावता होय?” अण्णा उठून उभे राहिले, बोलले मात्र काहीच नाही.

‘मोफत पाणी बंद करा’ असं करारात कुठेही नव्हतं. कंपनीच्या पोराने तसं सुचवलंही नव्हतं. मोटर तीन आठवड्यांपूर्वी जळाली होती, पेट्यांचा आकडा मागे होता, आणि त्या आकड्यात पाण्याच्या बाटल्याही मोजल्या जात होत्या. त्यामुळे मिस्त्रीला फोन करायची घाई कुणालाच नव्हती. किमान उचलीची अट अशी काम करते, न बोलता. चित्रपटगृहांबद्दलच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 3 जानेवारी 2023 ला बाहेरचं खाणं रोखायचा अधिकार मालकांना दिला, पण त्याच प्रकरणात प्रेक्षकांना पिण्याचं पाणी मोफत द्या हेही नोंदवलं होतं. निकाल थिएटरचा, पार्कचा नव्हे. पण त्या बाईंना निकाल दाखवायची गरजच नव्हती. मोटर दुसऱ्या दिवशी बसली.

बोलणी जानेवारी 2024 मध्ये झाली, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत. हा योगायोग कामी आला. कंपनीचे साहेब पुण्याचे. त्यांना आमचे एजन्सीवाले शेठ होम मैदानावर फिरवून आले. सिद्धेश्वरांची यात्रा म्हणजे सोलापूरचं खरं थीम पार्क, संक्रांतीच्या सुमाराचं: पाळणे, मौत का कुआँ, खेळण्यांची दुकानं आणि खाण्याच्या रांगा. तिथे एका हाताला कोल्ड्रिंकचा कूलर आणि दुसऱ्या हाताला उसाचा चरक, मध्ये भांडण नाही. शेठ साहेबांना म्हणाले, “साहेब, इथं माझ्या पेट्या रसवाल्याच्या शेजारी ठेवूनच जातात. त्याच्याकडं गर्दी झाली की माझ्याकडं होते.” पंचवीस वर्षं या गावात पेट्या उतरवणाऱ्या माणसाचं ते बोलणं होतं. माझ्या वहीतल्या हिशेबापेक्षा त्याचं वजन जास्त पडलं.

शेवटी ठरलं ते असं. ‘पेये’ म्हणजे कार्बोनेटेड पेये आणि बाटलीबंद पाणी, एवढंच. ताक, रस, सरबत मोकळं, पण कंपनीच्या कूलरमध्ये ठेवायचं नाही. उचल 2,000 पेट्या, वर्षाचे पैसे लाखावरून सत्तर हजार. दोन कूलर परत. पाणी सोडवून घ्यायचा मी फार प्रयत्न केला, जमलं नाही. फक्त ‘पिण्याचे मोफत पाणी पार्क पुरवेल’ हे एक वाक्य त्यांच्याच कागदावर त्यांच्या सहीने घालून घेतलं.

आणि गोटी सोडा अडकला. तो बाटलीत असतो आणि त्यात वायू असतो. व्याख्येप्रमाणे तो कार्बोनेटेड पेयच. साहेबांनाही हसू आलं, पण शब्द बदलायला ते तयार झाले नाहीत. आज ती सूट दिली तर उद्या कुठलाही स्थानिक सोडावाला आत येईल, हे त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. मामांना गेटबाहेर लिंबाखाली जागा दिली, भाडं घेतलं नाही. ते एक सीझन बसले. लोक आत जाताना घाईत असतात आणि बाहेर पडताना ओले, दमलेले. तो ‘फट्’ आवाज पाण्यापर्यंत पोचत नव्हता. 2025 च्या मार्चमध्ये ते आलेच नाहीत.

ताक परत आलं. रोजचे अडीचशे नाही, दोनशेच्या आसपास; बचत गटातल्या दोघींनी दरम्यान दुसरी गिऱ्हाइकं धरली होती. अण्णांनी जुन्या बाजारातून एक फ्रीज आणला आणि त्याच्या दारावर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत ‘ताक’ लिहून घेतलं. कंपनीचा पोरगा अजूनही दर आठवड्याला येतो, आपल्या चार कूलरचे फोटो काढतो. मग फ्रीजकडे जातो.

कराराची मुदत फेब्रुवारी 2026 मध्ये संपणारी. अशा वेळीच मालकाच्या शब्दाला किंमत असते, कारण या धंद्यात कुणी कुणाशी जन्माची गाठ बांधत नाही. डॉमिनोजने भारतात 2018 मध्ये कोका-कोला सोडून पेप्सी धरली आणि 2024 च्या अखेरीस पुन्हा कोका-कोलाशी बोलणी केली. मुदत संपताना कराराचं आपोआप नूतनीकरण होईल, असंही एक वाक्य आमच्या कागदात होतं. नोव्हेंबरमध्येच नोटीस पाठवून ते तोडायला लावलं.

गेल्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. आवाजात उत्साह. “ताई, दुसरी कंपनी आलीय. चार लाख म्हणतात. लाटांच्या तलावाची मोटर पण बदलायचीय. काय करू?”

मी विचारलं, “कागद आहे का समोर?”

“हाय की.”

“पैशांचं पान सोडा. दुसरं पान काढा आणि ‘पेये’ म्हणजे काय लिहिलंय ते वाचून दाखवा.”

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.